अमेरिकेतील नर्सिंग होमची पारख: नोंदी कशा वाचाव्यात आणि भेटीत काय तपासावे

घरातील ज्येष्ठ व्यक्ती पडून खुब्याचे हाड मोडते किंवा पक्षाघातामुळे रुग्णालयात दाखल होते, आणि काही दिवसांतच तेथील डिस्चार्ज प्लॅनर, म्हणजे रुग्णालयातून सोडल्यानंतरची सोय पाहणारी कर्मचारी, कुटुंबाच्या हाती नर्सिंग होमची यादी देऊन उद्यापर्यंत दोन-तीन नावे कळवण्यास सांगते. अमेरिकेत राहणाऱ्या अनेक मराठी कुटुंबांची नर्सिंग होमशी पहिली गाठ अशाच घाईत पडते. अशा वेळी घराजवळचे, इमारत नवी असलेले किंवा ज्याचे संकेतस्थळ देखणे आहे असे ठिकाण निवडले जाते. निवडणाऱ्यांना दोष देता येत नाही, कारण त्यांना दुसरे काय पाहायचे हे कोणी सांगितलेलेच नसते. परंतु प्रश्न गंभीर आहे. केंद्रीय आरोग्य खात्याच्या महानिरीक्षक कार्यालयाने २०१४ साली प्रसिद्ध केलेल्या अहवालानुसार, रुग्णालयातून अशा संस्थांत गेलेल्या मेडिकेअरच्या (म्हणजे प्रामुख्याने ज्येष्ठांसाठीच्या सरकारी आरोग्यविम्याच्या) रुग्णांपैकी सुमारे एक तृतीयांश रुग्णांना तेथील मुक्कामात उपचार किंवा देखभालीशी संबंधित काही ना काही इजा झाली होती, आणि त्यांपैकी निम्म्याहून अधिक घटना टाळता येण्याजोग्या होत्या.

दिलासा देणारी गोष्ट ही की, या देशातील नर्सिंग होमविषयी जितकी माहिती सार्वजनिक आहे, तितकी फार थोड्या सेवांविषयी असते. १९८७ च्या नर्सिंग होम सुधारणा कायद्याने मेडिकेअर किंवा मेडिकेडचे (कमी उत्पन्न असलेल्यांसाठीच्या सरकारी आरोग्य योजनेचे) पैसे घेणाऱ्या प्रत्येक संस्थेला समान किमान नियम आणि पूर्वसूचना न देता होणारी तपासणी लागू केली. त्या तपासण्यांचे अहवाल कोणालाही वाचता येतात. माझा आग्रह एवढाच आहे की, आधी नोंद वाचावी, मग भेटीला जावे, आणि नोंदीत सापडलेल्या दोषाचे पुढे काय झाले हे भेटीत विचारावे. हा क्रम उलटला की स्वागतकक्षातील फुले आणि मार्केटिंग प्रतिनिधीचे गोड बोलणे मनावर ठसते, आणि नंतर वाचलेला अहवाल आपण नकळत माफ करू लागतो.

पहिली पायरी: कोणती संस्था हवी आहे ते ठरवा

नर्सिंग होम, म्हणजेच स्किल्ड नर्सिंग फॅसिलिटी, आणि असिस्टेड लिव्हिंग, म्हणजे रोजच्या कामांत मदत मिणारे निवासस्थान, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. नर्सिंग होममध्ये चोवीस तास परवानाधारक नर्सची देखरेख असते आणि अशा संस्थेवर केंद्र सरकारचे नियम चालतात. असिस्टेड लिव्हिंगवर प्रामुख्याने राज्याचे नियम चालतात, ते राज्यागणिक बदलतात, आणि पुढे सांगितलेले तारांकन त्यांना लागू नाही. एखाद्या आवारात दोन्ही सेवा असतील, तर कागदावर नेमके कोणत्या विभागाचे नाव आहे ते पाहावे.

मुक्काम काही आठवड्यांच्या पुनर्वसनासाठी आहे की कायमचा, हेही आधीच ठरवलेले बरे. थोड्या दिवसांसाठी येणाऱ्या रुग्णांचे आणि दीर्घकाळ राहणाऱ्यांचे निर्देशांक वेगवेगळे नोंदवले जातात. फिजिओथेरपीत उत्तम असलेली संस्था स्मृतिभ्रंशाच्या रुग्णाला वर्षानुवर्षे सांभाळण्यातही तितकीच चांगली असेल असे गृहीत धरू नये.

दुसरी पायरी: तारे पाहा, पण ते कसे मिळतात ते समजून घ्या

मेडिकेअरच्या अधिकृत संकेतस्थळावर केअर कंपेअर नावाचा विभाग आहे. तेथे पिन कोड टाकला की परिसरातील सर्व प्रमाणित नर्सिंग होम एक ते पाच ताऱ्यांसह दिसतात. ही तारांकन पद्धत २००८ च्या डिसेंबरमध्ये सुरू झाली. एकूण तारे तीन भागांतून येतात: आरोग्य तपासणी, मनुष्यबळ आणि गुणवत्ता निर्देशांक. तपासणीचे तारे हा पाया असतो. मनुष्यबळाला पाच तारे असतील तर त्यात एक तारा वाढतो, एकच असेल तर एक तारा कमी होतो, आणि गुणवत्ता निर्देशांकांचाही परिणाम याच रीतीने होतो.

यातून दोन सावधगिरीच्या गोष्टी निघतात. एकूण चार तारे दिसणाऱ्या संस्थेला तपासणीत दोन किंवा तीनच तारे असू शकतात; म्हणून एकूण आकडा बाजूला ठेवून तिन्ही भाग स्वतंत्रपणे पाहावेत, आणि मी तरी सर्वांत आधी तपासणीचे तारेच पाहीन. दुसरे असे की, तपासणीचे तारे राज्यांतर्गत तुलनेवर दिले जातात. राज्यातील वरच्या सुमारे १० टक्के संस्थांना पाच तारे आणि तळाच्या २० टक्क्यांना एक तारा मिळतो, तर उरलेल्या संस्था मधल्या तीन श्रेणींत सारख्या विभागल्या जातात. त्यामुळे मुलगा न्यू जर्सीत आणि मुलगी टेक्सासमध्ये असेल आणि वडिलांना कोठे ठेवायचे हे ठरवायचे असेल, तर दोन राज्यांतील तारे एकमेकांशी ताडून काहीच सिद्ध होत नाही. तेथे प्रत्यक्ष अहवालच वाचावे लागतात.

दोन चिन्हे दिसली तर तेथेच थांबावे. लाल वर्तुळातील पांढरा हात म्हणजे त्या संस्थेवर अलीकडच्या काळात रहिवाशांचा छळ किंवा गैरवर्तन यासंबंधी ठपका ठेवला गेला आहे. हे चिन्ह २०१९ च्या ऑक्टोबरपासून दाखवले जाते. पिवळा त्रिकोण म्हणजे ती संस्था स्पेशल फोकस फॅसिलिटी आहे, म्हणजे वारंवार गंभीर त्रुटी आढळल्यामुळे तिच्यावर जादा तपासण्यांची नजर आहे, आणि तिला एकूण तारेच दिले जात नाहीत. या कार्यक्रमात देशभरातून एका वेळी शंभराहूनही कमी संस्था घेतल्या जातात. मात्र त्या यादीत येण्याच्या उंबरठ्यावर असलेल्या काही शे उमेदवार संस्थांची नावेही प्रसिद्ध होतात, आणि ती यादी पाहायला बहुतेक जण विसरतात.

तिसरी पायरी: तपासणीचा मूळ अहवाल वाचा

हा या कामाचा गाभा आहे आणि येथे दिलेला वेळ वाया जात नाही. प्रत्येक नर्सिंग होमची नियमित तपासणी राज्याच्या यंत्रणेकडून जास्तीत जास्त १५ महिन्यांच्या अंतराने व्हायला हवी. त्याशिवाय तक्रारींवरून किंवा संस्थेने स्वतः कळवलेल्या घटनांवरून वेगळ्या तपासण्या होतात. आढळलेल्या त्रुटी फॉर्म २५६७ वर लिहिल्या जातात. केअर कंपेअरवर अलीकडच्या तपासण्यांचे अहवाल मिळतात, आणि प्रोपब्लिका या वृत्तसंस्थेच्या नर्सिंग होम इन्स्पेक्ट या साधनात ते शब्द टाकून शोधता येतात. शिवाय केंद्रीय नियमानुसार संस्थेने मागील तीन वर्षांचे अहवाल मागेल त्याला वाचण्यासाठी उपलब्ध ठेवणे बंधनकारक आहे. ते मागितल्यावर टाळाटाळ झाली, तर तीही एक माहितीच समजावी.

प्रत्येक त्रुटीला एक क्रमांक आणि एक अक्षर असते. क्रमांक कोणता नियम मोडला ते सांगतो, अक्षर त्याचे गांभीर्य आणि व्याप्ती सांगते. अक्षरे ए पासून एल पर्यंत जातात. ए, बी, सी म्हणजे किरकोळ परिणामापलीकडे जाण्याची शक्यता नसलेली चूक. डी, ई, एफ म्हणजे प्रत्यक्ष इजा झाली नाही, पण होऊ शकली असती. जी, एच, आय म्हणजे रहिवाशाला खरोखर इजा झाली. जे, के, एल म्हणजे इमिजिएट जेपर्डी, अर्थात गंभीर इजा किंवा मृत्यू ओढवू शकेल असा तातडीचा धोका. प्रत्येक गटातील पहिले अक्षर तुरळक घटना, दुसरे वारंवार दिसलेली पद्धत आणि तिसरे संपूर्ण संस्थेत पसरलेला दोष दर्शवते.

बहुतेक संस्थांच्या अहवालांत डी आणि ई या पातळीच्या त्रुटी भरपूर असतात, त्यामुळे केवळ संख्येने घाबरून जाऊ नये. स्वयंपाकघरातील झाकण नसलेला डबा आणि चुकीच्या मात्रेत दिलेले औषध या दोन्हींवर डी हे अक्षर असू शकते. जी किंवा त्यापुढचे अक्षर मात्र दिसले, की तो मजकूर अथपासून इतिपर्यंत वाचलाच पाहिजे.

काही क्रमांक ओळखीचे करून घेतले तर वाचन सोपे होते. एफ ६०० हा छळ व दुर्लक्ष यांविषयीचा, एफ ६८६ शय्याव्रणांचा म्हणजे बेडसोअरचा, एफ ६८९ अपघात व अपुऱ्या देखरेखीचा, एफ ६९२ पोषण व पाणी यांचा, एफ ७२५ अपुऱ्या नर्सिंग मनुष्यबळाचा, एफ ७६० औषधातील गंभीर चुकांचा आणि एफ ८८० संसर्ग नियंत्रणाचा. आपल्या माणसाची प्रकृती डोळ्यांसमोर ठेवून हे क्रमांक शोधावेत. अंथरुणाला खिळलेल्या रुग्णासाठी एफ ६८६ महत्त्वाचा; चालताना तोल जाणाऱ्या किंवा स्मृतिभ्रंशामुळे बाहेर भटकण्याची शक्यता असलेल्या व्यक्तीसाठी एफ ६८९.

अहवालातील वर्णन रुक्ष असते, पण त्यात बारकावे असतात. रहिवाशांची नावे नसतात, फक्त क्रमांक असतात. तरीही कोणत्या दिवशी, कोणत्या वेळी काय घडले, कोणी काय सांगितले हे सविस्तर लिहिलेले असते. ते वाचताना स्वतःला तीन प्रश्न विचारावेत. नेमके काय घडले? ते किती काळ कोणाच्या लक्षात आले नाही? आणि लक्षात आल्यावर डॉक्टरांना व कुटुंबाला कधी कळवले? माझ्या मते दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर सर्वांत जास्त सांगून जाते. दक्ष संस्थेतही एखादा वृद्ध पडू शकतो. परंतु टाचेवरची जखम हाडापर्यंत पोहोचेपर्यंत कोणी पायमोजा काढून पाहिला नाही असे अहवालात आले असेल, तर आंघोळ घालणाऱ्या, कपडे बदलणाऱ्या आणि साप्ताहिक तपासणी लिहिणाऱ्या अशा अनेकांच्या नजरेतून ती निसटलेली असते.

त्रुटीसमोर संस्थेने सादर केलेला सुधारणा आराखडा असतो. कर्मचाऱ्यांना पुन्हा प्रशिक्षण दिले, एवढेच वाक्य तेथे वारंवार भेटते. त्यावर विश्वास ठेवायचा की नाही हे पुढच्या तपासणीतून कळते. तोच एफ क्रमांक लागोपाठ दोन तपासण्यांत आला असेल, तर प्रशिक्षण कागदावरच राहिले असे धरून चालावे. याउलट एका वर्षी गंभीर ठपका, आणि त्यानंतरच्या दोन तपासण्यांत त्या विषयावर काहीच नाही, असे दिसले तर ती संस्था विचारात घेण्यासारखी आहे. एकही डाग नसलेल्या पण तपासणीला बराच काळ लोटलेल्या संस्थेपेक्षा अशी संस्था मला अधिक भरवशाची वाटते. म्हणूनच शेवटच्या तपासणीची तारीख नेहमी पाहावी.

अग्निसुरक्षेचा अहवाल वेगळा असतो आणि तो ताऱ्यांच्या हिशोबात धरला जात नाही. धोक्याची सूचना देणारी यंत्रणा, पाण्याचे फवारे, बंद न होणारे अग्निरोधक दरवाजे, वीज गेल्यावर चालणारा जनरेटर यांची नोंद तेथेच सापडते. ज्यांना स्वतःहून उठून बाहेर पडता येत नाही अशा माणसांच्या इमारतीत या गोष्टींचे मोल निराळे सांगायला नको.

चौथी पायरी: माणसे किती आहेत ते मोजा

इमारत, उपकरणे, जेवणाची यादी या सर्वांपेक्षा रहिवाशाची सुरक्षितता एका गोष्टीवर जास्त अवलंबून असते: हाक मारल्यावर येणारे माणूस आहे की नाही. नर्सिंग होममध्ये तीन प्रकारचे कर्मचारी प्रामुख्याने मोजले जातात. आरएन म्हणजे पूर्ण शिक्षित नोंदणीकृत नर्स, एलपीएन म्हणजे तुलनेने कमी कालावधीचे शिक्षण घेतलेली परवानाधारक नर्स, आणि सीएनए म्हणजे उठवणे, बसवणे, भरवणे, स्वच्छता करणे ही प्रत्यक्ष सेवा देणारे सहायक. केंद्रीय नियमानुसार आरएन रोज सलग किमान आठ तास हजर असावी लागते आणि परवानाधारक नर्स चोवीस तास असावी लागते.

२०१६ पासून संस्थांना कर्मचाऱ्यांचे तास पगारपत्रकाच्या आधारे कळवावे लागतात. त्यापूर्वी संस्था स्वतः सांगेल तो आकडा मानला जात असे, त्यामुळे आजची माहिती पुष्कळ विश्वासार्ह आहे. केअर कंपेअरवर हे आकडे प्रत्येक रहिवाशामागे दररोज किती तास, या रूपात दिसतात आणि शेजारी राज्याची व देशाची सरासरी असते. जुना पण आजही उपयोगी पडणारा एक मापदंड लक्षात ठेवावा: केंद्र सरकारसाठी झालेल्या २००१ च्या अभ्यासात दीर्घकाळ राहणाऱ्या रहिवाशांमागे दररोज एकूण ४.१ तासांपेक्षा कमी सेवा मिळाली तर देखभालीच्या दर्जावर परिणाम होतो असे आढळले होते.

आकडा डोळ्यांसमोर उभा करण्यासाठी थोडे गणित करावे. समजा संस्थेत १०० रहिवासी आहेत आणि सीएनएचे तास प्रत्येकी २ आहेत. म्हणजे दिवसाचे २०० तास, आठ-आठ तासांच्या २५ पाळ्या. त्यांपैकी सकाळी १० जण, संध्याकाळी ९ जण आणि रात्री ६ जण असतील, तर रात्री एका सहायकाकडे जवळजवळ १७ रहिवासी येतात. त्यात एकाला स्वच्छतागृहात नेताना दुसऱ्याने घंटा वाजवली तर काय होईल, हे वेगळे सांगण्याची गरज नाही. आरएनच्या तासांत नर्सिंग संचालक आणि कार्यालयीन काम करणाऱ्या आरएनचे तासही धरलेले असतात, हेही ध्यानात असावे. छोट्या संस्थेत तो आकडा त्यामुळे फुगलेला दिसू शकतो.

सरासरीपेक्षा शनिवार-रविवारचे तास जास्त बोलके असतात, आणि ते आता स्वतंत्रपणे दाखवले जातात. आठवड्याच्या मधल्या दिवसांपेक्षा ते फारच कमी असतील, तर आपल्या माणसाचे सात दिवसांपैकी दोन दिवस कसे जाणार हे समजते. कर्मचारी सोडून जाण्याचे प्रमाणही तेथे असते. दर वर्षी निम्म्याहून अधिक नर्सिंग कर्मचारी बदलत असतील, तर आजी कोणत्या कुशीवर झोपली की तिला दम लागतो, हे जाणणारे माणूस तिच्याजवळ टिकत नाही. प्रशासक किती वेळा बदलले तेही पाहावे. वरिष्ठांची ये-जा सुरू असलेल्या ठिकाणी सुधारणा आराखडे लिहिणारा आणि पाळणारा एकच राहत नाही.

पाचवी पायरी: गुणवत्ता निर्देशांक सावधपणे वाचा

पडून गंभीर इजा होणे, शय्याव्रण, मूत्रमार्गाचा संसर्ग, वजन घटणे, मनोविकारविरोधी औषधांचा वापर, लसीकरण अशा गोष्टींची टक्केवारी केअर कंपेअरवर दिसते. ही माहिती उपयोगी असली, तरी तिच्यातील बराच भाग संस्था स्वतःच भरून देते. महानिरीक्षक कार्यालयाच्या २०२५ च्या अहवालात असे आढळले की, मेडिकेअरचे जे रहिवासी पडून गंभीर जखमी झाले आणि ज्यांना रुग्णालयात न्यावे लागले, त्यांच्या अशा पडण्यांपैकी ४३ टक्के घटना नर्सिंग होमनी नोंदवल्याच नव्हत्या. म्हणजे पडण्याचा आकडा अगदी कमी दिसला, तर ती उत्तम काळजी असेल किंवा अपुरी नोंद. त्याच संस्थेच्या अहवालांत एफ ६८९ वारंवार येत असेल, तर निष्कर्ष काढणे कठीण नाही.

मेडिकेअरच्या बिलांवरून सरकार स्वतः काढते ते आकडे त्या मानाने अधिक भरवशाचे: पुन्हा रुग्णालयात दाखल व्हावे लागण्याचे, आपत्कालीन विभागात न्यावे लागण्याचे आणि बरे होऊन घरी परतण्याचे प्रमाण. पुनर्वसनासाठी जाणाऱ्यांनी हेच आधी पाहावेत.

मनोविकारविरोधी औषधांबाबत विशेष जागरूक राहावे. स्मृतिभ्रंश झालेल्या वृद्धांत या औषधांनी मृत्यूचा धोका वाढतो, असा ठळक इशारा अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २००५ सालीच दिला आहे. स्किझोफ्रेनियाचे निदान असलेल्या रुग्णांना या निर्देशांकातून वगळले जाते, त्यामुळे काही ठिकाणी ते निदान पुराव्याविना लिहिले जात असल्याचे उघड झाले आणि सरकारने २०२३ पासून त्याची तपासणी सुरू केली. आपल्या ज्येष्ठांच्या कागदपत्रांत उतारवयात अचानक असे निदान दिसले, तर ते कोणी आणि कशाच्या आधारे केले, हे लेखी विचारण्याचा पूर्ण हक्क कुटुंबाला आहे.

सहावी पायरी: मालकी, दंड आणि ऑम्बड्समन

संस्थेचा मालक कोण, ती साखळीतील आहे का आणि अलीकडे विकली गेली आहे का, हे केअर कंपेअरवर तपासावे. मालकी बदलली असेल, तर जुने चांगले अहवाल जुन्या व्यवस्थापनाचे असू शकतात. साखळीतील परिसरातल्या दुसऱ्या दोन-तीन संस्थांचे अहवालही चाळावेत. मनुष्यबळावर किती खर्च करायचा, हे पुष्कळदा वरून ठरते. दंडाच्या रकमा आणि नव्या रुग्णांसाठी संस्थेला मिळणारे सरकारी पैसे रोखल्याच्या नोंदीही केअर कंपेअरवरच मिळतात.

प्रत्येक राज्यात लाँग-टर्म केअर ऑम्बड्समनचा कार्यक्रम असतो. हे लोक रहिवाशांच्या वतीने तक्रारी सोडवतात, त्यांची सेवा विनामूल्य असते आणि माहिती गुप्त ठेवली जाते. आपल्या भागाचे कार्यालय एल्डरकेअर लोकेटरच्या १-८००-६७७-१११६ या क्रमांकावर विचारता येते. कोणते ठिकाण चांगले, हे ते सहसा सांगणार नाहीत. पण या संस्थेतून कशा स्वरूपाच्या तक्रारी येतात आणि व्यवस्थापन त्या सोडवायला तयार असते का, असे विचारले तर अहवालात नसलेले बरेच काही कळू शकते.

सातवी पायरी: भेट द्या, तीही दोनदा

पहिली भेट ठरवून द्यावी, दुसरी न कळवता, शक्यतो रविवारी संध्याकाळच्या जेवणाच्या वेळी. दारातून आत गेल्यावर दर्शनी भागात लावलेला त्या दिवशीचा मनुष्यबळाचा तक्ता शोधावा. प्रत्येक पाळीच्या सुरुवातीला रहिवाशांची संख्या आणि आरएन, एलपीएन, सीएनए यांची संख्या व तास तेथे लिहिणे बंधनकारक आहे. तक्ता कालचा असेल किंवा नसेलच, तर त्याची नोंद करावी, आणि असेल तर केअर कंपेअरवरील आकड्याशी ताडून पाहावा.

मग मार्गिकेत एका जागी दहा-पंधरा मिनिटे शांत बसावे. दारावरचा दिवा लागल्यावर कोणी किती वेळाने येते ते घड्याळात पाहावे. ज्यांना हाताने भरवावे लागते त्यांच्याजवळ कोणी बसले आहे की ताट समोर ठेवून निघून गेले आहे, पाण्याचा पेला हाताच्या अंतरावर आहे का, खोलीत शिरण्यापूर्वी आणि बाहेर पडल्यावर कर्मचारी हात स्वच्छ करतात का, रहिवाशाला उचलताना दोघे लागत असतील तर दोघेच येतात का, हे पाहण्यासाठी वैद्यकीय ज्ञान लागत नाही. एखाद्या कोपऱ्यातील क्षणिक दुर्गंधीला महत्त्व देऊ नये. सगळ्या मजल्यावर तासाभरानंतरही तोच वास असेल, तर रहिवाशांची स्वच्छता वेळेवर होत नाही.

कर्मचाऱ्यांना त्यांच्या वरिष्ठांसमोर नव्हे, काम करताना सहज विचारावे: आज आपल्याकडे किती रहिवासी आहेत? येथे किती वर्षे आहात? नेहमी याच रहिवाशांची काळजी घेता का? नर्सिंग संचालकांना मात्र नोंदीतला नेमका प्रश्न विचारावा, जसे की, "मार्चच्या तपासणीत शय्याव्रणाबद्दल 'जी' या अक्षराच्या पातळीचा ठपका होता, त्यानंतर काय बदलले आणि ते आता कोण तपासते?" ज्या संचालक ठपका मान्य करून, जखमांची साप्ताहिक फेरी कोणत्या दिवशी होते आणि कोणती नर्स ती करते हे सांगतात, त्यांच्या संस्थेत सुधारणा झाली असण्याची शक्यता दिसते. तपासनीसच कडक होते, असे उत्तर आले तर सावध व्हावे.

मराठी कुटुंबांसाठी भाषेचा मुद्दा सुरक्षिततेशी थेट जोडलेला आहे. आयुष्यभर उत्तम इंग्रजी बोललेली व्यक्तीही स्मृतिभ्रंशात किंवा तापाच्या ग्लानीत मातृभाषेकडे वळते, आणि "पोटात कळ येतेय" हे न समजल्यामुळे ती वेदना अस्वस्थपणा म्हणून औषधाने दाबली जाण्याचा धोका असतो. रहिवाशाला त्याच्या प्रकृतीविषयी समजेल अशा भाषेत माहिती मिळण्याचा हक्क केंद्रीय नियमांत आहे. म्हणून फोनवरील दुभाषा रात्रीच्या पाळीत कसा मिळवला जातो, हे विचारावे आणि शक्य असेल तर त्याच वेळी करून दाखवण्याची विनंती करावी.

संस्थेत कुटुंबीयांची परिषद आहे का तेही विचारावे. असल्यास तिच्या बैठकीला येणाऱ्या एखाद्या कुटुंबाशी पाच मिनिटे बोललो, तरी माहितीपत्रकात नसलेले पुष्कळ समजते.

आठवी पायरी: सही करण्यापूर्वी

दाखल करताना मोठा कागदांचा गठ्ठा पुढे येतो आणि सही लवकर करावी असा आग्रह होतो. त्यात दोन गोष्टी शोधाव्यात. पहिली, वाद झाल्यास न्यायालयाऐवजी लवादाकडे जाण्याचा करार. २०१९ च्या केंद्रीय नियमानुसार प्रवेशासाठी त्यावर सही करण्याची अट घालता येत नाही, आणि सही केली असेल तर ३० दिवसांच्या आत ती मागे घेता येते. दुसरी, बिलाची वैयक्तिक हमी. रहिवाशाऐवजी मुलाने किंवा सुनेने स्वतःच्या पैशांतून बिल भरण्याची हमी देणे ही प्रवेशाची अट असू शकत नाही. रहिवाशाच्या वतीने सही करताना आपण त्यांच्या पैशांचे व्यवहार पाहणारे प्रतिनिधी म्हणून सही करत आहोत, असे स्पष्ट लिहावे. शंका वाटली तर वृद्धांविषयीच्या कायद्याचे काम करणाऱ्या वकिलाला तो मसुदा दाखवावा.

रुग्णालयाने घाई केली, तरी पर्यायांची यादी आणि त्यांच्या गुणवत्तेची माहिती देणे हे रुग्णालयाचे कर्तव्य आहे, आणि निवड रुग्णाची व कुटुंबाची असते. एका संध्याकाळीच निर्णय घ्यायचा असेल, तर निदान तीन गोष्टी कराव्यात: दोन्ही धोक्याची चिन्हे पाहावीत, जी व त्यापुढची अक्षरे असलेल्या त्रुटी वाचाव्यात आणि शनिवार-रविवारच्या तासांची तुलना करावी. एवढे काम तासाभरात होते.

दाखल झाल्यानंतर

प्रवेशानंतर ४८ तासांच्या आत प्राथमिक काळजी आराखडा तयार व्हायला हवा, आणि त्याचा सारांश रहिवाशाला व त्याच्या प्रतिनिधीला मिळायला हवा. तो मागून घ्यावा आणि पडण्याचा धोका, त्वचेची तपासणी, गिळण्यातील अडचण, औषधांची यादी आणि भाषेची गरज या पाच गोष्टी त्यात आहेत का ते पाहावे. सविस्तर आराखड्याच्या बैठकीला कुटुंबातील कोणीतरी, निदान फोनवरून, हजर राहावे. पहिल्या आठवड्यात वेगवेगळ्या वेळी जावे, टाचा, कंबर आणि माकडहाडाजवळची त्वचा पाहू देण्याची विनंती करावी आणि वजनाची नोंद विचारावी.

काही खटकले तर आधी त्या मजल्याच्या नर्सशी, मग नर्सिंग संचालकांशी आणि प्रशासकांशी बोलावे, आणि प्रत्येक संभाषण तारीख-वेळेसह लिहून ठेवावे. उत्तर मिळाले नाही तर ऑम्बड्समनला कळवावे. छळ, दुर्लक्ष किंवा जिवाला धोका असा प्रकार असेल, तर राज्याच्या तपासणी यंत्रणेकडे थेट तक्रार करावी. ती निनावीही करता येते, आणि तक्रारीमुळे रहिवाशावर सूड उगवण्यास नियमांनी मनाई आहे. त्या तक्रारीची तपासणी होऊन त्रुटी आढळली, तर ती फॉर्म २५६७ वर नोंदली जाते, आणि पुढच्या कुटुंबाला केअर कंपेअरवर वाचायला मिळते.